डावी गाडी मंद आहे

२ तारीख, सोमवार

वकीलबाईंनी सांगितलंय की रोज लिहायचं. तारीख, वार, धाकटा काय म्हणाला, मी काय म्हणाले. आणि रागात लिहायचं नाही. ही शेवटची अट मला झेपणारी नाही हे तिथेच सांगितलं असतं, पण पुढचं अशील दारात येऊन खोकत होतं.

तर हकीकत अशी. आमचे बाबा आधी शिंपी होते. तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा त्यांनी शिवणयंत्रं विकली आणि त्याच जागेत व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. मी तेव्हा सोळा वर्षांची, धाकटा चौदा. आता महिनाअखेर घरमालक जागा परत घेतोय. पुढे दुकान आणि मागे माझ्या दोन खोल्या, दोन्ही. बाकीची यंत्रं भंगारवाला घेऊन गेला. राहिलंय ते एक, गाड्यांच्या शर्यतीचं. दोन खुर्च्या, दोन स्टिअरिंग, दोन पडदे आणि पाठ मात्र एकच. डावीकडे लाल गाडी, उजवीकडे निळी. तीन फेऱ्या. समुद्रकाठ, घाट, बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की शेवटपर्यंत सरळ रस्ता.

ते धाकट्याला हवंय. म्हणून मलाही हवंय. खरं सांगायचं तर मला ते नकोय, त्याला मिळू नये एवढंच हवंय. (वकीलबाई, ही ओळ गाळावी.)

३ तारीख, मंगळवार

कारण विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या घरात भांडण झालं की बाबा दोघांना त्या यंत्रावर बसवायचे. भांडी कोण घासणार, खिडकीजवळची जागा कुणाची, सगळं तीन फेऱ्यांत ठरायचं. आई आधीच गेलेली, तक्रार करायला दुसरं कुणी नव्हतं. मी डाव्या खुर्चीत, कारण तिथून गल्ला जवळ पडायचा आणि गिऱ्हाईक आलं तर उठता यायचं. तो उजवीकडे. दहातल्या आठ शर्यती मी जिंकायचे. त्याने त्या काळात घासलेली भांडी मोजली तर एखादं हॉटेल उघडता आलं असतं.

मग मी एकोणीस वर्षांची असताना मला नकाशे काढायच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात त्याला इलेक्ट्रॉनिक्सला मिळाला. दुकानात बाबांच्या हाताशी एकाने राहणं भाग होतं. बाबा म्हणाले, नेहमीसारखं ठरवा. त्या दिवशी त्यांनी दुपारी तासभर आधीच शटर ओढलं आणि आमच्यासाठी यंत्र आतून-बाहेरून स्वतः पुसून काढलं. इतका न्यायी माणूस. शिंपी असून गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा परत करायचे.

बोगद्यापर्यंत मी पुढे होते. सरळ रस्त्यावर निळी गाडी माझ्या शेजारून निघून गेली. धाकटा गेला, मी राहिले. त्यानंतर चौतीस वर्षांत मी त्या खुर्चीत बसलेले नाही. त्याने त्या दिवशी काहीतरी केलं होतं. काय ते मला ठाऊक नाही, पण यंत्रांतलं त्याला लहानपणापासून कळायचं.

६ तारीख, शुक्रवार

धाकटा आला. हातात मोजायची टेप. वय एक्कावन्न, चार कारखान्यांची यंत्रं सांभाळतो म्हणे, आणि शर्टाचं दुसरं बटण तांब्याच्या तारेने बसवलंय. शिंप्याच्या पोराला आजतागायत सुईत दोरा ओवता येत नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून असाच फिरतो.

यंत्र मोजलं. दार मोजलं. मग मागच्या खोलीत शिरून माझी खाट मोजली, कपाट मोजलं. मी विचारलं, आता खाटेवरही डोळा का? तो म्हणाला, नाही गं ताई, असंच. मग गुडघा कसा आहे, जिने चढवतात का, सकाळी ऊन आलं तर झोप मोडते का, हे सगळं विचारलं. दुखऱ्या जागी बोट ठेवायची त्याची जुनी खोड आहे. मी म्हटलं, माझा गुडघा यंत्राच्या वादात साक्षीला येणार नाहीये.

जाताना म्हणाला की त्याच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी केलीय, पूर्वेकडे खिडकी आहे. यंत्राला खिडकी कशाला लागते ते त्याचं त्याला माहीत. आयत्या बिळावर नागोबा आहे नुसता.

९ तारीख, सोमवार

भाड्याची नवी खोली पाहून आले. तिसरा मजला, जिना इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने श्वास रोखून धरायचा. वर पोचल्यावर दहा मिनिटं पायरीवर बसून होते. यंत्र वर जाणं शक्यच नाही. घरमालकिणीला विचारलं, जिन्याखाली ठेवू का? ती म्हणाली तिथे पाण्याचा पंप आहे.

हे मी वकीलबाईंना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

११ तारीख, बुधवार

धाकट्याचा निरोप आला: ताई, कोर्टकचेरी कशाला, पूर्वीसारखं ठरवू. तीन फेऱ्या. एकवीस तारखेला मी येतो.

वकीलबाई म्हणाल्या की अशा पद्धतीला कायद्यात काही आधार नाही. मी म्हटलं, आमच्या घरात कायद्यालाच काही आधार नव्हता. मी होकार कळवला.

आता सराव हवा. मोठं यंत्र महिनाभर बंद आहे, आधी सगळं पुसायला हवं. तोवर कपाटातून घरी खेळायचा डबा काढला, टीव्हीला जोडायचा, गाड्यांच्या कॅसेटचा. कॅसेट लागेना. दोनदा फुंकर मारली तेव्हा लागली. स्टिअरिंग नाही, अधिकचिन्हासारखं एक बटण आणि गाडी म्हणजे चार चौकोन. एका फेरीत सहा वेळा झाडावर गेले. याच डब्यांनी आमचं दुकान खाल्लं. एकेकाच्या घरी आला की ते गिऱ्हाईक पुन्हा दिसायचं नाही. बाबा म्हणायचे, जाऊ देत, तू आहेस ना.

१४ तारीख, शनिवार

मोठं यंत्र सुरू केलं. चौतीस वर्षांनी डाव्या खुर्चीत बसले. रेक्झिन फाटलंय, पण स्टिअरिंग हातात आल्याबरोबर घाटातलं प्रत्येक वळण आठवलं. हात विसरत नाहीत. मला रडू आलं आणि त्याचा फार राग आला.

शेजारच्या घड्याळवाल्याला उजवीकडे बसवलं. तोच एकवीस तारखेला पंच होणार आहे. आयुष्यात त्याने सायकलसुद्धा धड चालवलेली नाही. समुद्रकाठावर दोनदा वाळूत गेला, घाटात कठड्याला घासत राहिला. मी कितीतरी पुढे. पण बोगद्याबाहेर आलो आणि त्याची निळी गाडी सरळ माझ्या पुढे निघून गेली. मी पुन्हा खेळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो मध्येच चष्मा पुसत होता, तरी जिंकला.

मग चष्मा लावत तो म्हणाला, "सगळे म्हणायचे ना तुम्हाला, डावी गाडी मंद आहे म्हणून."

म्हणायचे. चौतीस वर्षं म्हणायचे. दर आठवड्याला कुणीतरी डाव्या खुर्चीतून उठून गल्ल्याशी यायचा, आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की गाडी मंद नाही, तू मंद आहेस. एकाला तर मी गाडी पुसायला फडकं दिलं होतं.

आज जेवले नाही.

१७ तारीख, मंगळवार

यंत्राची पाठ उघडली. त्या दाराची किल्ली बाबांच्या कमरेच्या जुडग्यात होती. ते जाईपर्यंत कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, अकरा वर्षांपूर्वी ते गेल्यावर जुडगा माझ्याकडे आला आणि मी खिळ्याला टांगून ठेवला. वाटलं होतं, आत मला काय कळणार? पण दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला आहे, शाळकरी पोराला समजेल असा. त्यात लिहिलंय की मोठं माणूस आणि लहान मूल खेळणार असतील तर लहानाला सवलत देता येते. एक खटका आहे, तीन खाचांचा. मधल्या खाचेत असला तर दोन्ही गाड्या सारख्या. डावीकडे ओढला की डाव्या गाडीला सरळ रस्त्यावर जादा वेग, उजवीकडे ओढला की उजव्या.

खटका उजवीकडे होता. नुसता ओढलेला नाही, बांधलेला. धक्क्याने सरकू नये म्हणून दांडीला पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे, त्यावर आडवा फास, आणि टोक वेढ्यांखालून ओढून घेतलेलं, बटण घट्ट बसवताना घालतात तसं. बेट्याने काम मात्र चोख केलंय, चौतीस वर्षांत दोरा तसूभर ढिला झालेला नाही.

पकडला. अखेर पकडला. माझी चौतीस वर्षं या नखाएवढ्या खटक्यावर टांगलेली होती. कुठल्या तरी कचेरीत उंच टेबलाशी उभी राहून मी पूल आणि रस्ते आखले असते. त्याऐवजी पोरांच्या हातात टोकनं मोजून दिली, बाबांची पथ्यं सांभाळली, आणि धाकट्याची वर्षाकाठी दोन पत्रं वाचून दाखवली. बाबा पत्र ऐकून डोळे पुसायचे. त्यांना काय ठाऊक, पोरगा काय करून गेलाय ते!

दोरा कात्रीने कापला आणि टोकनांच्या डब्यात पुरावा म्हणून ठेवला. खटका डावीकडे ओढला. दार बंद केलं.

२० तारीख, शुक्रवार

दोन दिवस लिहिलं नाही. खटका मधल्या खाचेत आणावा असं दोनदा वाटलं. एकदा किल्ली हातात घेऊन मागे गेलेसुद्धा. मग त्याचा तो तांब्याच्या तारेचा शर्ट आठवला आणि परत फिरले. त्याने केलं ते मी केलं तर बिघडलं कुठे? फिट्टंफाट. जिंकल्यावर त्याच्या तोंडावर दोरा टाकायचा आणि विचारायचं, ओळखतोस का? काय बोलायचं ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

यंत्र जिंकल्यावर ठेवणार कुठे, हे अजून सुचलेलं नाही.

२१ तारीख, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

तो अकरा वाजता आला. तोच शर्ट. घड्याळवाला शिट्टी घेऊन स्टुलावर बसला. मी डाव्या खुर्चीकडे निघाले, तर धाकट्याने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "ताई, तू आज उजवीकडे बस."

मी म्हटलं, माझी जागा डावी. तो म्हणाला, "नेहमी तिथेच बसायचीस ना. एकदा उजवीकडे बस. माझ्यासाठी."

नाही म्हणावं तर कारण काय सांगू? घड्याळवाला म्हणाला, बसा की, खुर्चीत काय आहे? माझी चोरी याला कळली असं मला वाटलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे तसलं काही नव्हतं. डोळे खाली, कान लाल, लहानपणी माझ्यासाठी खाऊ लपवून आणायचा तेव्हा व्हायचे तसे. मी उजवीकडे बसले.

मी फार चांगली चालवली. हे कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. घाटात एकदाही ब्रेक लावला नाही. तो तर मुळी मन लावून चालवतच नव्हता, समुद्रकाठावर रेंगाळला, दोनदा उगाचच कठड्याला लागला. तिसऱ्या फेरीत बोगद्यातून मी आधी बाहेर पडले. आणि लाल गाडी माझ्या शेजारून निघून गेली. त्याने पाय काढून घेतलेला मी डोळ्यांनी पाहिला, तरी ती एका गाडीच्या अंतराने पुढेच राहिली.

घड्याळवाल्याने शिट्टी वाजवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकटा जिंकल्यासारखा दिसत नव्हता. पडद्याकडे बघत बसला. मग उठला, यंत्रामागे गेला आणि किल्ली मागितली. मी दिली. दार उघडून तो बराच वेळ आत वाकून राहिला. मग तिथेच जमिनीवर बसला. घड्याळवाल्याला कुठेतरी घड्याळ वाजल्याचं आठवलं आणि तो गेला.

मी विचारलं, "उजवी पळते हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बाबा गेले ना, त्या वर्षी तू स्टिअरिंग बदलायला सांगितलंस. तेव्हा उघडलं होतं. तोपर्यंत मला वाटत होतं की मी खरंच जिंकलो."

"मग तो बांधला कुणी?"

तो तारेच्या बटणाशी चाळा करू लागला. मी पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, "मीच. त्या दिवशी. मीच बांधला, ताई. चूक झाली माझी."

वकीलबाई, दोन मिनिटांत दोन जबाब. आधी म्हणतो, अकरा वर्षांपूर्वी कळलं. मग म्हणतो, चौतीस वर्षांपूर्वी केलं. असला साक्षीदार तुम्ही एका प्रश्नात उलटा केला असता. मी त्याला खोटारडा म्हटलं आणि घालवून दिलं. कुठलं खोटं, ते मात्र मी बोलले नाही.

२२ तारीख, रविवार

टोकनांचा डबा उघडून दोरा पाहिला.

तीन वेढे, आडवा फास, टोक आतून. हे मला बाबांनी शिकवलं होतं. बारा वर्षांची असताना, त्यांच्या मांडीशी बसून, एका जुन्या कोटाच्या बटणावर. धाकट्याला शिकवायला घेतलं तर त्याने बोट टोचून घेतलं आणि पळून गेला. हा टाका या घरात दोनच माणसांना येत होता. मी बांधलेला नाही.

२३ तारीख, सोमवार

बाबा, तुम्ही मला विचारलं असतं तर मी राहिले असते का? ठाऊक नाही. विचारायला हवं होतं. चिंधीसुद्धा परत करणारा माणूस, आणि पोरीचं अख्खं ठाण बाजूला काढून ठेवलंत. मी तुमची पथ्यं सांभाळत होते आणि तुम्ही रोज त्या यंत्रावरून फडकं फिरवत होतात. पोरं येऊन सांगायची, डावी मंद आहे. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात.

मला तुमचा राग येतो. हे लिहायला मला दोन दिवस लागले. धाकट्यावर चौतीस वर्षं न चुकता रागावले, त्याला क्षणाचीही सवड लागली नव्हती.

२५ तारीख, बुधवार

वकीलबाईंचा फोन आला. दैनंदिनी कधी आणून देताय? मी सांगितलं की वही हरवली. त्या म्हणाल्या, मग दावा उभा राहणार नाही. मी म्हटलं, बसू द्या.

२८ तारीख, शनिवार

धाकटा टेम्पो घेऊन आला. दोन हमालांनी यंत्र उचललं, तिसऱ्या फुटावर खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, यात दगड भरलेत का? मग ते पुन्हा आत आले आणि न विचारता माझी खाट उचलली. मी विचारलं, ही कुठे? धाकटा दुसरीकडे बघत म्हणाला की पूर्वेच्या खिडकीखाली बरोबर बसते, त्याने मोजलंय, कपाटही बसतं, आणि यंत्र समोरच्या भिंतीला लागेल.

मी हो म्हटलेलं नाही. हे लिहून ठेवते. खाट त्याच्या टेम्पोत चढली याचा अर्थ मी हो म्हटलं असा होत नाही. तिसऱ्या मजल्याची किल्ली अजून माझ्या पिशवीत आहे.

टेम्पो भरेपर्यंत रिकाम्या दुकानात मी बाबांच्या जुन्या स्टुलावर बसले आणि त्याला समोर उभं केलं. म्हटलं, नीट उभा राहा, हलू नकोस. चिमट्याने तांब्याची तार तोडली. सुईत दोरा ओवला. बटण लावलं, खाली तीन वेढे, आडवा फास, टोक आतून ओढून घेतलं आणि दाताने तोडलं. तो माझ्या हातांकडे बघत होता.

मी म्हटलं, "पुन्हा खोटं बोलायचं असेल तर आधी सुई धरायला शीक."

तो उजव्या हाताने नवं बटण धरून तसाच उभा राहिला. बाहेरून हमाल ओरडला की आणखी काही राहिलंय का, तर मी सुई त्याच्या कॉलरला टोचली आणि दिवे बंद करायला उठले.